गायमुखजवळच्या तबेल्यातली वेगळी पागा: आमच्या चांदणीचे ३३ दिवस

गाडी माजिवड्याच्या पुलाखालून गेली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. तिथून आमचं बाळकुमचं घर पाच मिनिटांवर. मुलगा जागाच होता. फोन करून म्हणाला, "आई, एकदा दाखवून तरी ने ना." मी ड्रायव्हरला वळू दिलं नाही. सरळ घोडबंदर रोड, गायमुखच्या थोडं अलीकडे आत, आणि आमची नवीन घोडी चांदणी तिथेच उतरली. पुढचे ३३ दिवस ती तिथेच होती. परवा घरी आणली.

आमचा वरातीच्या घोड्यांचा धंदा आहे. आजोबांचा ठाणे स्टेशनला टांगा होता, आबांनी वराती सुरू केल्या, आता मी बघते. दावणीला तीन जनावरं: राजा, बिजली आणि म्हातारी मोती. चांदणी चौथी. नुकरी म्हणजे पांढरीशुभ्र, काठियावाडी, सहा वर्षांची, सारंगखेड्याच्या यात्रेतून २ लाख ४० हजारांना घेतली. एवढी रक्कम एका जनावरात मी आयुष्यात पहिल्यांदा घातली. ठाणे-कल्याणकडच्या आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना अशी वेगळी पागा, म्हणजे नवीन घोडा काही दिवस इतरांपासून अलग ठेवून तपासायची जागा, भाड्याने मिळते हेच ठाऊक नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी मागची गोष्ट सांगायला हवी. पाच वर्षांपूर्वी नवीन आणलेला एक घोडा मी दुसऱ्या एका तबेल्यात पंधरा दिवस ठेवला होता. नाव लिहीत नाही. त्यांनीही "आम्ही वेगळा ठेवतो" असंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात घोडा त्याच दावणीच्या टोकाला बांधलेला, हौद तोच, तोबरा दुसऱ्या घोड्याचा. घरी आणल्यावर आठव्या दिवशी राजाने चंदी, म्हणजे दाणा, सोडली. दोन दिवसांनी जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, मग नाकातून पिवळा चिकट पू. स्ट्रँगल्स, घोड्यांचा घशाच्या गाठींचा संसर्गजन्य रोग. गाठ फुटली तेव्हा तो मान खाली घालून भिंतीला टेकून उभा होता आणि घोटभर पाणीसुद्धा त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. पाठोपाठ बिजलीला झालं, मग मोतीला. ऐन लग्नसराईत सात आठवडे एकही जनावर बाहेर काढता आलं नाही, घेतलेले पाच बयाणे परत केले. पैशांचं भरून निघालं. राजाचं ते भिंतीला टेकलेलं डोकं मात्र माझ्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही.

त्यामुळे इथे आले तेव्हा मी आधी हौद कुठे आहे ते पाहिलं. वेगळ्या पागेत हौदच नाही. प्रत्येक घोड्याला स्वतःची बादली, तिच्यावर रंगाने पट्टा. चांदणीचा निळा. तोबरा निळा, खरारा निळा, मोरखीला निळी चिंधी, लीद भरायचं घमेलंही निळ्या पट्ट्याचं. एकूण चारच थानं, म्हणजे घोड्यांचे कप्पे, आहेत, मध्ये भिंती छतापर्यंत, दारांना बारीक जाळी. मुख्य तबेला लांब, मध्ये आंब्याची झाडं. तबेल्याचे मालक दोनशे पावलं अंतर सांगतात. मी चालून पाहिलं, माझ्या पावलांनी एकशे साठ भरलं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते, कारण अंतराला कारण आहे. घोडमाशी रक्त पिताना हुसकली गेली तर ती लगेच जवळच्या दुसऱ्या जनावरावर बसते, फार लांब जात नाही. सोंडेला लागलेलं रक्त तेवढ्यात पोचलं की सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) किंवा घोड्यांचा संसर्गजन्य पंडुरोग पोचला. म्हणून पाश्चात्त्य देशांत पंडुरोगाची लागण झालेल्या घोड्यासाठी दोनशे यार्ड म्हणजे साधारण १८० मीटर अंतर ठेवायची पद्धत आहे. थंडीत माश्या कमी असतात. पावसाळ्यात मी एकशे साठ पावलांवर समाधान मानणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. चांदणीबरोबर यात्रेतून मिळालेला आरोग्याचा दाखला मी पुढे केला. घोडा गाडीतून आणायचा तर पशुवैद्यकाचा दाखला लागतोच, तो माझ्याकडे होता, रक्ततपासणीचा कागदही होता. डॉक्टरांनी सही-शिक्का पाहिलाच नाही. बोट ठेवलं ते एका ओळीवर: नमुना घेतल्याची तारीख. यात्रेच्या पाच आठवडे आधीची. म्हणाले, "ताई, हा कागद खोटा नाही. पण हा त्या दिवसाचा कागद आहे. त्यानंतर ही किती घोड्यांच्या नाकाला नाक लावून उभी राहिली ते यात लिहिलेलं नाही." यात्रेत हजारो घोडे असतात, एकाच काठावर पाणी पितात. इतकी वर्षं या धंद्यात राहून मी दाखल्यावर शिक्का आहे ना एवढंच बघत आले होते. रक्त कधी काढलं ते बघायचं असतं हे मला त्या सकाळी कळलं.

मग त्यांनी चांदणीचं वर्णन लिहून घेतलं. मला ते फार आवडलं. छापील कागदावर घोड्याची दोन्ही बाजूंची आकृती असते, तिच्यावर पांढरे डाग, व्रण आणि भोवऱ्या, म्हणजे केसांचे भोवरे, काढायच्या. आमच्याकडे भोवऱ्या बघतात त्या शुभ-अशुभासाठी. शुभ मानलेली देवमण आहे का, अशुभ मानलेली आसूढाळ नाही ना, हे आबा घोडा घेताना कंदील धरून बघायचे. इथे त्याच भोवऱ्या ओळख म्हणून. पांढऱ्या घोड्याला डाग नसतात, सगळ्या नुकऱ्या घोड्या कागदावर सारख्याच. भोवऱ्या मात्र बोटांच्या ठशांसारख्या. कपाळावरच्या दोन, मानेवरची एक, सगळ्या काढून मगच मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. म्हणजे अहवाल येईल तो याच घोडीचा.

तीन तपासण्या होत्या. सर्र्यासाठी काचेवर रक्त पसरून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली, ते सोपं. पंडुरोगासाठी कॉगिन्स चाचणी. जेलीच्या चकतीत मधल्या खळग्यात विषाणूचा अंश आणि भोवती घोड्यांचे रक्तद्रव ठेवतात. रक्तात त्या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं असली की एक-दोन दिवसांत मध्ये पांढरी रेघ उमटते. या रोगाला लस नाही, औषध नाही, एकदा लागण झालेला घोडा वरून धडधाकट दिसला तरी जन्मभर विषाणू बाळगतो. आणि माशीइतकीच एकाच सुईने दोन घोड्यांना दिलेली इंजेक्शनंही तो पसरवतात. आमच्या धंद्यात एक सुई एकदाच उकळून चार घोड्यांना वापरणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे थांबवा.

तिसरी तपासणी ग्लँडर्सची, आणि माझा जीव टांगणीला होता तो तिच्यामुळे. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि जीव घेतो. माझा मुलगा राजाच्या नाकपुडीला गाल लावून उभा राहतो, लहानपणापासूनची सवय. या रोगाचा जंतू नाकातल्या स्रावातून, अंगावर फुटणाऱ्या गाठींतून, सामायिक हौदातून आणि तोबऱ्यातून पसरतो. कधीकधी घोडा महिनोन् महिने काही दाखवत नाही. लस ना जनावराला आहे ना माणसाला. आधी एलायझा ही रक्तचाचणी करतात. तीत शंका आली की पुन्हा रक्त घेऊन कॉम्प्लिमेंट फिक्सेशन चाचणी होते, आणि शेवटचा शब्द हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा. तिथे पॉझिटिव्ह ठरला तर उपचार नाही. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने हा सरकारला कळवावाच लागणारा रोग आहे, घोड्याला वेदनारहित मृत्यू देऊन खोल पुरतात. सरकारी भरपाई घोड्यामागे २५ हजार रुपये. माझी घोडी २ लाख ४० हजारांची. भरपाईचा हा आकडा ऐकून लोक आजारी घोडा लपवतात, रातोरात विकतात, आणि तो घोडा पुढच्या वरातीत उभा राहतो. ही भरपाई वाढायला हवी असं माझं ठाम मत आहे. तरीही लपवू नका. एक घोडा सापडला की भोवतीचा टापू बाधित जाहीर होतो. पूर्वी ५ किलोमीटरचा होता, २०२५ च्या सुधारित आराखड्यात २ केला. बाळकुमपासून २ किलोमीटर म्हणजे माजिवडा आणि कोलशेतकडचे आमचे सगळे व्यवसायबंधू त्यात येतात. एकाने लपवायचं आणि सगळ्यांची जनावरं धोक्यात, असं ते गणित आहे.

आता पागेचं रोजचं काम. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, घोड्याचं तापमान. थर्मामीटरला दोरा बांधलेला, दोऱ्याच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा, तो शेपटीच्या केसांना लावतात म्हणजे थर्मामीटर पडत नाही की आत जात नाही. सईस मामा बाजूला उभे राहून पाठीवर हात ठेवतात, दोन मिनिटं तिच्याशी बोलत राहतात, मग आकडा दारावरच्या पाटीवर खडूने. घोड्याचं साधं तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो आणि पुढे एक-दोन दिवसांनी घोडा जंतू बाहेर टाकू लागतो. म्हणजे ताप वेळेवर पकडला तर दुसऱ्या घोड्याला लागण व्हायच्या आत त्याला बाजूला करता येतं. आमच्या राजाच्या वेळी कोणी दिवसातून दोनदा थर्मामीटर लावला असता तर बिजली आणि मोतीला लागण झाली नसती. एवढी साधी गोष्ट, आणि तबेल्यातल्या कोणालाही ती सुचली नाही. मलाही नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन आला: १०२.४. माझे हातपाय गार पडले. मी पोचले तेव्हा त्यांनी सगळं थांबवलेलं होतं. शेजारच्या थानातल्या घोड्याचं काम दुसऱ्या माणसाकडे दिलेलं, मामा फक्त चांदणीचे, त्यांचा डगला पागेच्या आतच खुंटीला. मला दाराच्या आत सोडलं नाही. मी वाद घातला, माझी घोडी आहे म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही इथून घरीच जाणार ना? मग तुमच्या ओढणीला काय लागेल ते राजापर्यंत जाईल." मी बाहेर अंगणात उभी राहून जाळीतून तिला बघत राहिले. कान मागे, डोळे अर्धे मिटलेले, नाकातून पाण्यासारखं थोडंसं. सकाळी डॉक्टरांनी नाकातला नमुना घेतला. तो निर्दोष आला. सारंगखेड्यापासून कसाऱ्याच्या घाटातून तासन् तास डोकं बांधून उभं राहिल्याने छातीत थोडं भरलं होतं, चार दिवसांत उतरलं. पण त्यांनी चौदा दिवसांची मोजणी ताप उतरल्या दिवसापासून पुन्हा सुरू केली. स्ट्रँगल्सची लक्षणं दिसायला तीन ते चौदा दिवस लागतात, म्हणून चौदा. मी म्हटलं नव्हतं, त्यांनी आपणहून केलं. इथेच माझा या जागेवर विश्वास बसला.

स्वच्छतेत एक गोष्ट खास. दारापाशी दोन ट्रे. पहिल्यात साबणाचं पाणी आणि ब्रश, दुसऱ्यात जंतुनाशक. आधी लीद-चिखल घासून काढायचा, मगच दुसऱ्यात पाय. लीद तशीच ठेवून वरून कितीही औषध ओता, ते लिदीतच मरतं. मीही वर्षानुवर्षं घाणीवर फिनेल ओतत आले.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत.

रविवारी मामांची सुट्टी असते आणि बदली मुलगा येतो. एका रविवारी त्याने पाण्याच्या नळीचं टोक लाल पट्ट्याच्या बादलीत बुडवलेलं आणि तीच नळी निळ्या बादलीत टाकली. वेगवेगळ्या बादल्या ठेवून उपयोग काय मग? नळी वरून धरायची, पाण्याला लागू द्यायची नाही. मी ओरडले, मालकांनी दोन्ही बादल्या ओतून घासून घेतल्या, मुलाला समजावलं, आणि पुढच्या रविवारी नळी खिळ्याला उंच टांगलेली दिसली. ऐकून घेतात हे चांगलं, पण हे गिऱ्हाइकाने दाखवायला नको होतं.

दुसरं, ३० दिवसांचा ठराव करताना पंडुरोगाबद्दलची एक गोष्ट आधी सांगितली नाही. लागण झाल्यावर चाचणीत दिसण्याजोगी प्रतिद्रव्यं तयार व्हायला ६० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणजे तीस दिवसांत दोनदा निर्दोष आलेली घोडीही पूर्ण मोकळी नाही, साठ दिवसांनंतर एकदा पुन्हा कॉगिन्स करावी लागते. डॉक्टरांनी हे निघताना सांगितलं. पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? त्यासाठी मी आधीच तयारी केली असती.

तिसरं, स्ट्रँगल्समधून बरे झालेले काही घोडे घशाजवळच्या पिशवीत जंतू लपवून ठेवतात, बाहेरून ठणठणीत दिसतात. ते पाहायला दुर्बीण लागते, ती इथे नाही. घोड्याचा मागचा इतिहास माहीत नसेल तर ही तपासणी वेगळी करून घ्या.

खर्च. दिवसाला ९०० रुपये, त्यात चंदी, गवत, सईस आणि पाटीचा रोज दोनदा फोटो. डॉक्टर आणि तपासण्या वेगळ्या. दुसरं रक्त पहिल्यानंतर तीन आठवड्यांनी घेतलं, अहवाल यायला वेळ लागला आणि तीस दिवस उलटून गेले. मी म्हटलं, पहिला निर्दोष आहे, सोडा. नाही सोडलं. वरच्या तीन दिवसांचे २,७०० रुपये घेतले, एक रुपया कमी केला नाही. त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं, सोडली असती तर मी हे सगळं लिहिलं नसतं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगते, वेळ साधता येतो. मार्गशीर्षात यात्रा, मग पौष. पौषात मुहूर्त नसतात, घोडा तसाही दावणीला उभाच असतो. तो महिना पागेत काढला तर एकही बयाणा बुडत नाही, आणि माघात वराती सुरू होतात तेव्हा जनावर ताजंतवानं. यात्रेला जायच्या आधी थान राखून ठेवा, चारच आहेत. घोडबंदर रोडची वाहतूक बघता घोडा रात्री उशिरा किंवा पहाटे पोचेल असं बघा. दिवसा गायमुखला दोन तास अडकलेल्या गाडीत जनावराचे फार हाल होतात. नंतर भेटायला जाताना घरच्या घोड्यांचं काम आटोपून, कपडे बदलून जा, आणि परतल्यावर आंघोळ केल्याशिवाय दावणीकडे जाऊ नका.

डॉक्टरांनी बोलता बोलता मीरतच्या लष्करी अश्वकेंद्राची गोष्ट सांगितली. रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या त्या केंद्राला जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली, देशातला असा पहिलाच. आपल्या स्वारांचे घोडे परदेशी स्पर्धांना जायला त्यामुळे वाट मोकळी होईल. तिथेही हीच कामं: कोण आत येतं त्याची नोंद, वेगळी भांडी, रक्त, माश्यांपासून बचाव. ऐकून मला फार बरं वाटलं. २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्यातून घोड्यांचा इन्फ्लुएंझा निघाला आणि काही महिन्यांत किती राज्यांत पसरला, ते आबा सांगायचे. वैष्णोदेवीच्या खेचराला आलेला खोकला आणि ठाण्यातला वरातीचा घोडा यांच्यात फक्त गाड्यांचं अंतर असतं. खोकणाऱ्या शर्यतीच्या घोड्यासाठी डॉक्टर धावतात, आमच्या घोड्याकडे कोणी बघत नाही, असं आम्ही म्हणत बसतो. गायमुखच्या या पागेत माझ्या नुकरीच्या शेजारच्या थानात शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी होती. दोघींची पाटी सारखी, दोघींचा थर्मामीटर त्याच वेळी.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा नळीचा आणि न सांगितलेल्या साठ दिवसांचा.

चांदणी परवा पहाटे घरी आली. मुलाने गाल पुढे केला, मी हात मध्ये घातला. कॉगिन्ससाठी ६ फेब्रुवारीनंतर पुन्हा रक्त द्यायचं आहे. तोपर्यंत ती गोठ्याच्या पलीकडच्या शेडमध्ये, निळ्या पट्ट्याच्या बादलीसकट. सकाळी सहाला थर्मामीटर आता मुलगा लावतो, चिमटा शेपटीला अडकवतो. आजचा आकडा १००.२.